युद्ध दूरचं, झळ घरची: आग्नेय आशियाची मुत्सद्देगिरी आणि इंधनाचं गणित

३ सप्टेंबर २०२२ चा शनिवार. इंडोनेशियाच्या सरकारनं दुपारी घोषणा केली आणि तासाभरात देशभरातल्या पंपांवर नवे दर लागू झाले. सर्वसामान्यांचं 'पर्टालाइट' पेट्रोल लिटरमागे ७,६५० रुपियाहवरून थेट १०,००० रुपियाहवर गेलं. सवलतीचं डिझेल ५,१५० वरून ६,८०० झालं. पुढचे काही दिवस विद्यार्थी, कामगार संघटना आणि मोटारसायकलवर प्रवासी नेणारे चालक रस्त्यावर उतरले. युद्ध चालू होतं हजारो किलोमीटर दूर युक्रेनमध्ये. त्या युद्धात इंडोनेशियाचा एकही सैनिक नव्हता, कुठल्याही बाजूशी वैर नव्हतं. तरीही बिल आलंच.

आग्नेय आशियातल्या देशांची गोष्ट थोडक्यात सांगायची तर ती अशी आहे. युद्धापासून तटस्थ राहता येतं, पण त्याच्या परिणामांपासून अलिप्त राहता येत नाही. लांबचं युद्ध या भागात तीन वाटांनी पोहोचतं. पहिली वाट तेल आणि गॅसची, दुसरी परदेशात राबणाऱ्या माणसांची आणि तिसरी संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानाची. या तिन्ही वाटा एकमेकींत कशा गुंतल्या आहेत, ते समजून घेऊ या.

आसियान म्हणजे काय?

या भागातल्या देशांच्या संघटनेचं नाव आसियान. ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकमध्ये इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांनी ती स्थापन केली. पुढे ब्रुनेई, व्हिएतनाम, लाओस, म्यानमार आणि कंबोडिया आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालालंपूरच्या परिषदेत तिमोर-लेस्ते अकरावा सदस्य झाला.

संघटना जन्मली तेव्हा शेजारीच व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं होतं. मोठ्या सत्तांच्या भांडणात आपण भरडले जाऊ नये, ही तिची मूळ प्रेरणा होती. १९७१ मध्ये या देशांनी आपला भाग 'शांतता, स्वातंत्र्य आणि तटस्थतेचं क्षेत्र' असावा, असा जाहीरनामा काढला. १९७६ मध्ये बाली इथं मैत्री आणि सहकार्याचा करार झाला. इथं निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसंमतीनं होतात. त्यामुळे संघटना फुटत नाही. मात्र त्यामुळेच तिची निवेदनं अनेकदा गुळमुळीत असतात.

इंडोनेशियाची स्वतःची परंपरा तर आणखी जुनी आहे. १९४८ मध्ये मोहम्मद हट्टा यांनी परराष्ट्र धोरणाचं वर्णन 'दोन खडकांमधून नाव वल्हवणं' असं केलं होतं. 'मुक्त आणि सक्रिय' हे धोरण तिथूनच आलं. व्हिएतनाम आपल्या धोरणाला बांबूची उपमा देतो. मुळं घट्ट असावीत, पण वारा येईल तसं खोडाला वाकता यावं, असा त्याचा अर्थ. प्रश्न एवढाच की, नाव वल्हवायलाही इंधन लागतं आणि ते बाहेरून येतं.

दोन सामुद्रधुन्या, एकच नाळ

नकाशा समोर धरला की चित्र लगेच स्पष्ट होतं. इराण आणि ओमान यांच्यामधली होर्मुझची सामुद्रधुनी सर्वात अरुंद ठिकाणी सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. २०२४ मध्ये तिथून दिवसाला सुमारे २ कोटी बॅरल तेल जात होतं. जग जेवढं तेल वापरतं, त्याचा हा साधारण पाचवा हिस्सा. जगाच्या व्यापारातल्या द्रवरूप नैसर्गिक वायूचाही सुमारे पाचवा भाग तेव्हा याच वाटेनं जात होता आणि त्यात कतारचा वाटा सर्वात मोठा होता. इथून निघणाऱ्या कच्च्या तेलाचा बहुतांश भाग युरोप-अमेरिकेकडे जात नाही, तो आशियात येतो.

दुसरं टोक आहे मलाक्काची सामुद्रधुनी. मलेशिया आणि इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटामधून ती सुमारे ९०० किलोमीटर जाते. सिंगापूरजवळच्या फिलिप्स खाडीत जहाजांची वाट अवघी २.८ किलोमीटर उरते. चीन, जपान आणि कोरियाकडे जाणारी तेलवाहू जहाजं इथूनच पुढे सरकतात. म्हणजे आखातात ठिणगी पडली तर तिची झळ आधी भावाला लागते, मग जहाजाच्या विम्याला, मग भाड्याला आणि शेवटी मनिलातल्या जीपनी चालकाच्या खिशाला.

प्रत्येक देशाची अवस्था मात्र वेगळी आहे. ब्रुनेई आणि मलेशिया गॅस निर्यात करतात, त्यामुळे भाव वाढले की त्यांच्या तिजोरीत भर पडते. इंडोनेशिया एकेकाळी तेल निर्यातदारांच्या ओपेक संघटनेचा सदस्य होता. देशातलं उत्पादन घटत गेलं, मागणी वाढत गेली आणि तो तेलाचा आयातदार झाला. सिंगापूरकडे स्वतःचं तेल नाही आणि त्याची सुमारे ९५ टक्के वीज नैसर्गिक वायूवर तयार होते. फिलिपिन्सचं बहुतेक कच्चं तेल आखातातून येतं. २०२० मध्ये तिथली एक रिफायनरी बंद झाल्यावर देशात आता एकच उरली आहे. व्हिएतनाममधली न्घी सोन रिफायनरी कुवेतचं तेल डोळ्यांसमोर ठेवून उभारली गेली. मलेशियातल्या पेंगेरांग प्रकल्पात सौदी अराम्को भागीदार आहे. एकाच संघटनेत विकणारेही आहेत आणि विकत घेणारेही. त्यामुळे एकाच युद्धाची बातमी दहा राजधान्यांत दहा तऱ्हेनं वाचली जाते.

१९७३ चा धडा

हे सगळं नवं नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं. अरब देशांनी अमेरिका आणि तिच्या काही मित्रदेशांना तेल देणं थांबवलं. बॅरलमागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांत १२ डॉलरच्या आसपास गेला. आग्नेय आशियातल्या सरकारांची झोप उडाली.

त्यानंतरच्या दोन वर्षांत या भागाच्या ऊर्जाधोरणाचा पाया घातला गेला. फिलिपिन्सनं नोव्हेंबर १९७३ मध्ये राष्ट्रीय तेल कंपनी काढली. मलेशियात १९७४ मध्ये पेट्रोनास स्थापन झाली. १९७५ मध्ये आसियानची पेट्रोलियम परिषद आली. इंडोनेशियाला मात्र चढ्या भावांचा लाभ झाला, कारण तो तेव्हा विकणाऱ्यांत होता. पण आलेला पैसा सांभाळता आला नाही. १९७५ मध्ये त्याची सरकारी तेल कंपनी पर्टामिना १० अब्ज डॉलरहून अधिक कर्जात अडकली.

फिलिपिन्सनं तेलावरचं अवलंबन कमी करायला बातान इथं अणुवीज प्रकल्प बांधायला घेतला. १९७६ मध्ये काम सुरू झालं आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला प्रकल्प तयारही झाला. पण भ्रष्टाचाराचे आरोप, सुरक्षेच्या शंका आणि चेर्नोबिलची दुर्घटना यांमुळे त्यातून एक युनिटही वीज मिळाली नाही. कर्ज मात्र जनतेनं अनेक वर्षं फेडलं. घाईघाईत केलेली तजवीजही महागात पडते, हा त्या काळाचा दुसरा धडा.

युक्रेन: एका घरात चार सूर

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. दोन दिवसांनी आसियानच्या परराष्ट्रमंत्र्यांचं निवेदन आलं. त्यात संयमाचं आवाहन होतं, रशियाचं नाव नव्हतं.

२ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हल्ल्याच्या निषेधाचा ठराव १४१ मतांनी मंजूर झाला. तेव्हाच्या दहा आसियान देशांपैकी आठ देशांनी ठरावाच्या बाजूनं मत दिलं, तर व्हिएतनाम आणि लाओस तटस्थ राहिले. महिन्याभरात, ७ एप्रिलला, मानवाधिकार परिषदेतून रशियाला निलंबित करण्याचा ठराव आला आणि चित्र पालटलं. बाजूनं फक्त फिलिपिन्स आणि म्यानमार उरले. म्यानमारचं मत तर सत्ता गमावलेल्या निर्वाचित सरकारच्या प्रतिनिधीचं होतं. व्हिएतनाम आणि लाओसनं विरोधात मत दिलं. बाकीचे सहा देश तटस्थ राहिले.

या फरकामागे कारणं आहेत. सिंगापूरनं रशियावर स्वतःचे निर्बंध लादले. असं करणारा तो आसियानमधला एकमेव देश. मोठा शेजारी लहान देशाच्या सीमा पुसू शकतो, हे तत्त्व मान्य केलं तर आपलं काय, ही त्याची चिंता. व्हिएतनामचं रशियाशी नातं शस्त्रांचं आहे आणि तेलाचंही. १९८१ मध्ये स्थापन झालेली 'व्हिएतसोव्हपेट्रो' ही संयुक्त कंपनी व्हिएतनामच्या समुद्रातून तेल काढते आहे. दक्षिण चीन समुद्रात चीनचा दबाव असताना हे नातं तोडणं हनोईला परवडणारं नाही. जून २०२४ मध्ये पुतिन यांचं हनोईत स्वागत झालं ते याच हिशेबानं.

इंडोनेशियाकडे त्या वर्षी जी-२० चं अध्यक्षपद होतं. पाश्चिमात्य देशांची मागणी होती की, रशियाला बोलवू नका. राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी दोघांनाही निमंत्रण दिलं. जूनच्या अखेरीस ते आधी कीव्हला आणि लगेच मॉस्कोला गेले. त्यांच्या बोलण्यात शांततेबरोबर गहू आणि खतांचा मुद्दा होता. शेवटी बालीच्या परिषदेला पुतिन आले नाहीत आणि झेलेन्स्की पडद्यावरून बोलले. परिषद मोडली नाही, हेच यजमानांचं यश.

दरम्यान बाजारात वेगळीच धावपळ चालली होती. रशियाचा गॅस कमी झाल्यावर युरोप जगभरातून द्रवरूप वायूची जहाजं चढ्या भावानं उचलू लागला. थायलंडच्या आखातातलं उत्पादन नेमकं त्याच वर्षी घटलेलं होतं. त्यामुळे थायलंडनं डिझेल आणि कोळशावर जास्त वीज तयार केली. डिझेलचे दर रोखून धरताना तिथला सरकारी तेल निधी १०० अब्ज बाटहून अधिक तोट्यात गेला. लाओसमध्ये परकीय चलन आटलं आणि मे २०२२ मध्ये व्हिएन्टिनच्या पंपांवर वाहनांच्या लांबच लांब रांगा लागल्या.

त्याच साखळीचा एक दुवा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला. युक्रेनमधून येणारं सूर्यफूल तेल अडकलं, तशी पामतेलाची मागणी वाढली. घरातले भाव आवरण्यासाठी इंडोनेशियानं २८ एप्रिल २०२२ पासून साडेतीन आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली. भारताचं बहुतेक पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातूनच येतं. म्हणून युद्ध काळ्या समुद्राकाठी असूनही तेलाची पिशवी महाराष्ट्रात महागली.

गाझा: जिथे जनमत गप्प बसत नाही

युक्रेनच्या बाबतीत सामान्य माणूस बहुतांशी भावाची चिंता करत होता. गाझाच्या बाबतीत तसं नाही. इंडोनेशिया हा जगातला सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या देशांपैकी एक. मलेशिया आणि ब्रुनेई हेही मुस्लिमबहुल. या तिन्ही देशांचे इस्रायलशी राजनैतिक संबंध नाहीत. ऑक्टोबर २०२३ नंतर जकार्ता आणि क्वालालंपूरमध्ये मोठ्या सभा झाल्या. दुसरीकडे सिंगापूरचे इस्रायलशी १९६९ पासून संबंध आहेत. फिलिपिन्सनं २७ ऑक्टोबर २०२३ च्या आमसभेतल्या युद्धविरामाच्या ठरावावर मत राखून ठेवलं, तर इंडोनेशिया आणि मलेशिया ठरावाच्या बाजूनं उभे राहिले.

मलेशियानं डिसेंबर २०२३ मध्ये इस्रायलच्या झिम या जहाज कंपनीला आणि इस्रायली झेंड्याच्या जहाजांना आपल्या बंदरांत मनाई केली. इंडोनेशियानं आंतरराष्ट्रीय न्यायालयात पॅलेस्टाइनची बाजू मांडली. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रबोवो सुबियांतो यांनी संयुक्त राष्ट्रांत सांगितलं की, शांतिसेनेसाठी २० हजार जवान द्यायची आपली तयारी आहे.

तरीही या देशांनी संघटना फुटू दिली नाही. २० ऑक्टोबर २०२३ रोजी रियाधमध्ये आसियान आणि आखाती सहकार्य परिषदेची पहिली शिखर बैठक झाली. नागरिकांवरचे हल्ले थांबवा, मदत पोहोचू द्या, ओलिसांना सोडा, एवढ्यावर सगळ्यांची सहमती झाली. त्याच बैठकीत ऊर्जा आणि गुंतवणुकीचीही बोलणी झाली. भावना आणि गरज एकाच मेजावर बसल्या होत्या.

मजूर आणि खलाशी

तेलाच्या आकड्यांत माणसं हरवतात. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात सुमारे ४० थाई नागरिक मारले गेले आणि ३१ ओलीस झाले. ते सैनिक नव्हते. थायलंडच्या गरीब ईशान्य भागातून इस्रायलच्या शेतांवर मजुरीला गेलेली ती तरुण मुलं होती. तेव्हा तिथं सुमारे ३० हजार थाई कामगार होते.

बँकॉकनं सगळे दरवाजे ठोठावले. त्यात एक महत्त्वाचा दरवाजा देशातल्या मुस्लिम समाजानं उघडला. संसदेचे त्यावेळचे अध्यक्ष वान मुहम्मद नूर माथा हे दक्षिणेतल्या याला प्रांताचे. त्यांनी पाठवलेलं थाई मुस्लिम नेत्यांचं पथक ऑक्टोबरच्या अखेरीस तेहरानला गेलं आणि हमासच्या प्रतिनिधींना भेटलं. कतार, इजिप्त आणि इराणचीही मदत घेतली गेली. नोव्हेंबरमध्ये २३ थाई ओलीस सुटले. जानेवारी २०२५ मध्ये आणखी पाच जणांची सुटका झाली. एरवी संशयाच्या नजरेनं पाहिला जाणारा अल्पसंख्य समाज संकटाच्या वेळी देशाचा दूत ठरला. बौद्धबहुल देशातली ही घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

समुद्रावर तर फिलिपिनो माणूस जवळपास प्रत्येक जहाजावर भेटतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हुती बंडखोरांनी लाल समुद्रात 'गॅलक्सी लीडर' ताब्यात घेतलं, तेव्हा २५ खलाशांपैकी १७ फिलिपिनो होते. मार्च २०२४ मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावरच्या हल्ल्यात तीन खलाशी गेले, त्यात दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. जुलै २०२५ मध्ये 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' ही दोन जहाजं बुडवली गेली. दुसऱ्या जहाजावरचे बहुतेक खलाशी पुन्हा फिलिपिनोच होते. शिवाय आखाती देशांत लाखो फिलिपिनो काम करतात. त्यांच्या पगारावर गावाकडची घरं चालतात. म्हणून मनिला पश्चिम आशियाबद्दल बोलताना शब्द तोलून वापरते.

कोणाचं नुकसान, कोणाचा फायदा

लाल समुद्राची वाट धोक्याची झाल्यावर जहाजं आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला आणि इंधन जास्त लागू लागलं. जहाजांना इंधन भरून देणारं जगातलं सर्वात मोठं बंदर सिंगापूर. तिथली इंधनविक्री २०२३ मध्ये ५ कोटी १८ लाख टन होती. २०२४ मध्ये ती ५ कोटी ४९ लाख टन या विक्रमावर गेली. पण त्याच वर्षी वेळापत्रकं कोलमडल्यामुळे बंदरात जहाजांना दोन-तीन दिवस ताटकळावं लागलं. एका हातानं मिळालं, दुसऱ्या हातानं गेलं.

सामान्य माणसाच्या बाजूनं पाहिलं तर खरा प्रश्न सवलतीचा आहे. सरकारनं भाव रोखले तर तिजोरी रिकामी होते, मोकळे सोडले तर रस्ता पेटतो. मे १९९८ मध्ये आर्थिक संकटात इंडोनेशियात इंधन महागलं आणि त्याच महिन्यात सुहार्तो यांना पायउतार व्हावं लागलं. ती आठवण कुठलंही सरकार विसरत नाही. मलेशियानं मधला रस्ता निवडला आहे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस तिथं नागरिकांसाठी 'रॉन ९५' पेट्रोल लिटरमागे १.९९ रिंगिट झालं, तर परदेशी लोक आणि कंपन्यांसाठी २.६०. सवलत सगळ्यांना न देता ओळखपत्र पाहून द्यायची, असा हा प्रयोग आहे.

कागदावरचा करार

संकटात एकमेकांना तेल द्यायचं, असं आसियान देशांनी १९८६ मध्येच ठरवलं. २००९ मध्ये तो पेट्रोलियम सुरक्षा करार नव्यानं झाला. एखाद्या देशाचा पुरवठा नेहमीच्या गरजेपेक्षा किमान १० टक्क्यांनी सलग ३० दिवस कमी पडला, तर इतरांनी हात द्यावा, अशी त्यातली तरतूद. मात्र ही मदत ऐच्छिक आहे. लाओसच्या पंपांवर रांगा लागल्या तेव्हा प्रत्येक शेजारी स्वतःचा साठा मोजत होता.

श्रीमंत देशांनी १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन केली. तिच्या सदस्यांना ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवावा लागतो. २०२५ अखेरपर्यंत आसियानचा एकही देश तिचा पूर्ण सदस्य नव्हता. एवढा साठा ठेवायचा तर टाक्या हव्यात, पैसा हवा आणि 'सध्या तर सगळं ठीक आहे' असं म्हणायच्या काळात तो खर्च करायची तयारी हवी.

पुढची वाट

जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात बारा दिवसांचं युद्ध झालं. इराणच्या संसदेनं होर्मुझ बंद करण्याच्या बाजूनं कौल दिला. त्या वेळी वाट बंद झाली नाही, भाव चढले आणि उतरले. पण या भागातल्या प्रत्येक ऊर्जामंत्र्याला आपला देश किती दिवस तग धरेल, हा प्रश्न त्या आठवड्यात स्वतःला विचारावा लागला.

उत्तरं शोधायला सुरुवात झालेली आहे. जून २०२२ पासून लाओसची जलविद्युत थायलंड आणि मलेशियाच्या तारांवरून सिंगापूरला जाऊ लागली. १०० मेगावॅट म्हणजे फार नाही, पण चार देशांच्या तारा पहिल्यांदा एका व्यवहारात जोडल्या गेल्या. इंडोनेशियानं २०२५ मध्ये डिझेलमध्ये ४० टक्के पामतेलाचं जैवइंधन मिसळणं सुरू केलं. व्हिएतनामनं बासनात गुंडाळलेला निन्ह थुआन अणुप्रकल्प पुन्हा बाहेर काढला. यातल्या प्रत्येक उपायाला दुसरी बाजू आहे. धरणांनी मेकाँगची मासेमारी आटते, पामच्या मळ्यांसाठी जंगल जातं आणि अणुप्रकल्पाला वर्षानुवर्षं लागतात.

१९७३ पासून २०२५ पर्यंतचा अनुभव एकच गोष्ट सांगतो. आसियानची तटस्थता खोटी नाही, तिनं हा भाग मोठ्या सत्तांच्या आखाड्यापासून बराच वाचवला आहे. पण तटस्थता ही ढाल शब्दांची आहे आणि तेलाचा भाव शब्दांना जुमानत नाही. कोणाच्या बाजूनं बोलायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. तुटवड्याच्या दिवशी मात्र शेजाऱ्याला तेल द्यायचं की नाही, हे अकरा जणांनी मिळून आधीच पक्कं करायला हवं. ते होत नाही तोवर पुढच्या युद्धाचं बिल पुन्हा त्याच माणसाकडे जाईल, जो सकाळी जकार्ताच्या पंपावर मोटारसायकल घेऊन रांगेत उभा असतो.